गोव्याच्या हिरव्या पाण्यात डीएसएलआर

पाण्याखाली फोटो काढायचे तर अंदमानला जा, नाहीतर लक्षद्वीपला. गोव्यात काय दिसणार? डायव्हिंग करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने मला हे ऐकवलं. पाण्याबद्दलचं त्यांचं म्हणणं खरं आहे. गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटाच्या आसपास चांगल्या दिवशी ६-८ मीटरपर्यंत दिसतं, एरवी ३-४ मीटर, आणि मांडवी-जुवारीचा गाळ त्या बाजूला वळला की हात लांब केल्यावर बोटंही धूसर होतात. तरीही डीएसएलआर कॅमेरा पाण्याखाली न्यायला शिकायचं असेल तर गोवा उत्तम आहे, असं माझं आता ठाम मत आहे. हे पाणी लांबचा फोटो काढूच देत नाही. ते तुम्हाला जवळ जायला लावतं, आणि पाण्याखालच्या फोटोग्राफीतलं अर्ध्याहून जास्त शिक्षण जवळ जाण्याचंच असतं.

मी फोंड्याची. कॅमेरा हातात आला तो पक्ष्यांसाठी. करमळीचं तळं, चोडणचं सलीम अली अभयारण्य, बोंडला, अशी माझी सुट्टीची ठिकाणं होती. निकॉन डी७२०० ची बटणं अंधारातही सापडत होती. पक्ष्यांच्या फोटोग्राफीने मला लांबून पाहायला शिकवलं होतं: मोठी लेन्स, झाडाचा आडोसा, आणि पक्षी उडू नये म्हणून राखलेलं अंतर. पाण्यात ही सगळी सवय उलटी करावी लागते. तिथे टेलिफोटो लेन्सचा काही उपयोग नाही. मासा आणि कॅमेरा यांच्यात जितकं पाणी जास्त, तितका रंग कमी, धार कमी आणि कचरा जास्त. स्वच्छ पाण्यातले लोक दोन-तीन मीटरवरून फोटो काढतात आणि वर्षानुवर्षं निळसर, मिळमिळीत फोटोंवर समाधान मानतात. गोव्यात तसा फोटो काढला तर पडद्यावर हिरवा धूर दिसतो, दुसरं काही नाही. त्यामुळे ही खोड लागायची सोयच राहत नाही.

पण कॅमेऱ्याच्या आधी डायव्हिंग. ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स संपला तेव्हाच मला कॅमेरा न्यायची घाई झाली होती. आमच्या डाइव्ह सेंटरवरचा मुख्य गाइड मालवणचा. वयाने माझ्याहून लहान, पण समुद्राच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. तो सरळ म्हणाला, "ताई, आधी रिकाम्या हातान पवाक शिका, मगे कॅमेरो घेवा." मी ऐकलं. पुढचे कितीतरी डाइव्ह मी फक्त बॉयन्सीसाठी, म्हणजे पाण्यात तोल सांभाळायला, केले: तळापासून वीतभर वर, आडवं, हात छातीशी बांधून, पायातले फिन न हलवता तरंगत राहायचं. श्वास घेतला की शरीर किंचित वर जातं, सोडला की खाली येतं. बीसीडीच्या, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटच्या, बटणाला हात न लावता केवळ फुप्फुसांनी उंची सांभाळायची. मग उलटं पोहायचं, म्हणजे फिनच्या हलक्या हालचालीने मागे सरकायचं. फोटोग्राफरला हे पुढे जाण्याइतकंच लागतं, कारण एखाद्या कपारीत तोंड घालून फोटो काढल्यावर तिथे वळायला जागा नसते.

हे मी एवढं सविस्तर लिहितेय, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होताना मी पाहते. कॅमेरा हातात आला की माणसाचं लक्ष पडद्यावर जातं आणि पाय खाली जातात. फिनचा एक फटका बसला की तळाचा गाळ उठतो आणि तो खडक पुढची दहा मिनिटं सगळ्यांसाठी बंद. त्याहून वाईट म्हणजे खाली प्रवाळ असतात. ग्रँड आयलंडच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत. टर्बिनेरिया मेसेंटेरिना नावाची पानांसारख्या पसरट वळ्यांची जात तिथे भरपूर आहे, आणि दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केलेला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच त्या खडकावरच्या वळीला. फोटोसाठी तिच्यावर गुडघा टेकवणाऱ्याच्या हातात कॅमेरा असू नये, असं मला मनापासून वाटतं.

हाऊसिंगची निवड हा दुसरा टप्पा. डीएसएलआर थेट पाण्यात नेता येत नाही. त्याला त्याच्याच मापाचं जलरोधक कवच लागतं. डी७२०० च्या हाऊसिंगमध्ये दुसरं मॉडेल बसत नाही, कारण बाहेरचा प्रत्येक दांडा आणि प्रत्येक बटण आतल्या नेमक्या बटणावर टेकायला हवं. पर्याय मुख्यतः दोन: पॉलिकार्बोनेटचं पारदर्शक किंवा अ‍ॅल्युमिनियमचं. इकेलाइट पहिल्या प्रकारासाठी ओळखली जाते, नॉटिकॅम दुसऱ्या. पॉलिकार्बोनेट स्वस्त, आत पाण्याचा थेंब आला तर लगेच दिसतो, पण आकाराने मोठं. अ‍ॅल्युमिनियम आटोपशीर, बटणं हाताला जास्त नेमकी लागतात, पण किंमत कॅमेऱ्याच्या कितीतरी पुढे जाते. मी वापरलेलं पॉलिकार्बोनेट घेतलं. नवीन मॉडेल आलं की हौशी लोक जुनं हाऊसिंग विकायला काढतात. ते कुठल्याच दुसऱ्या कॅमेऱ्याला चालत नसल्यामुळे किंमत चांगलीच उतरलेली असते. माझ्या मते सुरुवात करणाऱ्याने हाच रस्ता धरावा. बॉडी जुनी असली तरी बिघडत नाही. पाण्याखाली फोटो ठरतो तो प्रकाशाने आणि लेन्सने.

हाऊसिंगच्या पुढे लेन्ससाठी पोर्ट, म्हणजे काचेची खिडकी, बसवतात, आणि इथे थोडं भौतिकशास्त्र समजून घ्यावंच लागतं. पाण्याचा अपवर्तनांक साधारण १.३३ आहे. सपाट काचेतून पाहिलं की पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या तीन-चतुर्थांश अंतरावर असल्यासारखी वाटते, आणि त्यामुळे मोठी दिसते. मास्कमधून मासा पकडायला हात पुढे केला तर तो नेहमी कमी पडतो, त्याचं कारण हेच. सपाट पोर्टमागे लेन्सचंही तेच होतं: तिची नजर अरुंद होते, जणू फोकल लेंग्थ एक-तृतीयांशाने वाढली. रुंद दृश्य टिपणाऱ्या वाइड लेन्ससाठी हा तोटा, मॅक्रोसाठी, म्हणजे लहान जीव जवळून टिपायला, उलट फायदा. वाइडसाठी म्हणून घुमटाकार डोम पोर्ट वापरतात. त्यात प्रकाशाचे किरण काचेला जवळजवळ काटकोनात भेटतात, त्यामुळे लेन्सची पूर्ण रुंदी परत मिळते. पण त्याची एक अट असते. घुमटामुळे बाहेरच्या दृश्याची आभासी प्रतिमा पोर्टच्या अगदी समोर तयार होते. ८ इंची डोम असेल तर क्षितिजावरची गोष्टसुद्धा काचेपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर. लेन्सला फोकस करायचा असतो तो या प्रतिमेवर. म्हणून डोममागे अशीच लेन्स लागते जी अगदी जवळ फोकस करू शकते. टोकिनाची १०-१७ मिमी फिशआय या कामात इतकी लोकप्रिय आहे ती उगीच नाही. ती १४ सेंटिमीटरवर फोकस करते.

मी मात्र सुरुवात ६० मिमी मायक्रो लेन्स आणि सपाट पोर्टने केली. इथल्या पाण्यासाठी ही निवड अचूक होती. ही लेन्स जिवाएवढ्याच आकाराची प्रतिमा सेन्सरवर उमटवते, आणि तिचं कामाचं अंतर इतकं कमी की पोर्ट आणि प्राणी यांच्यात काही बोटांचंच पाणी उरतं. बाहेर ३ मीटर दिसतंय की १०, याने तिला फारसा फरक पडत नाही. १०५ मिमीचाही सल्ला मिळाला होता. लाजऱ्या माशांसाठी ती चांगली, पण ती लांबून काढते, म्हणजे मध्ये पाणी जास्त, आणि लाटेच्या हेलकाव्यात तिचा फोकस धरून ठेवणं फार अवघड.

कॅमेरा समुद्रात नेण्याआधी हाऊसिंग रिकामं बुडवायचं, हा नियम मी अजून पाळते. आत कॅमेऱ्याऐवजी टिश्यू पेपर ठेवायचा, वजनासाठी डायव्हिंगचं शिसं, आणि ते घेऊन पूर्ण डाइव्ह करायचा. वर आल्यावर टिश्यू कोरडा असेल तरच पुढच्या वेळी कॅमेरा. पाण्यात दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. गंमत अशी, की हा दाब झाकणाला आणखी घट्ट आवळतो. त्यामुळे ओ-रिंगवरून, म्हणजे झाकणाच्या खाचेतल्या रबरी कड्यावरून, पाणी शिरायचा धोका खोलवर असतो त्याहून पृष्ठभागाजवळच्या पहिल्या मीटरभरात आणि वर आल्यावर धुण्याच्या बादलीत जास्त असतो. बादलीत ठेवलंय म्हणजे सुरक्षित आहे, असं समजू नये.

सगळं पाणी बाहेर ठेवण्याचं काम एका रबरी कड्यावर असतं. ओ-रिंग आदल्या रात्री काढायची, खाचेतून स्वच्छ सुती कापड फिरवायचं, मग ओ-रिंग बोटांमधून हळूहळू सरकवत तपासायची. आजी तांदूळ निवडताना जशी नजर आणि बोटं एकाच वेळी चालवायची, तसंच हे काम आहे. एक केस, वाळूचा एक कण, टॉवेलचा एक धागा, एवढं आत पाणी यायला पुरतं. ग्रीस लावायचं ते चकाकी येण्यापुरतं. ग्रीस पाणी अडवत नाही. ते फक्त रबराला खाचेत सहज बसू देतं. जास्त लावलं तर उलट धूळ आणि केस चिकटतात. आणि हाऊसिंग बनवणाऱ्यानेच दिलेलं ग्रीस वापरायचं, कारण काही ओ-रिंग चुकीच्या ग्रीसने फुगतात.

गोव्याच्या हवेचा एक खास त्रास आहे तो दमटपणाचा. जेटीवर किंवा बोटीत हाऊसिंग बंद केलं, तर ती ओली गरम हवा आत कोंडली जाते. खाली पाणी थोडं थंड लागलं की आतून काचेवर धुकं धरतं आणि डाइव्हभर हटत नाही. म्हणून मी एसी चालू असलेल्या खोलीत, कोरड्या हवेत, रात्रीच सगळं जोडून बंद करते. आत सिलिका जेलच्या पुड्या असतात. सकाळी बाहेर आणल्यावर पोर्टवर बाहेरून दव जमतं, ते पुसता येतं. आत कोरडी हवा असते, त्यामुळे आत काही होत नाही. मेमरी कार्ड, बॅटरी, लेन्सची टोपी आणि ऑटोफोकसचा खटका हे चार पुन्हा पुन्हा पाहायचे. एकदा झाकण लागलं की समुद्रावर ते उघडायचं नसतं.

पहिला सराव समुद्रात केला नाही. ओळखीच्या एका हॉटेलच्या पूलमध्ये परवानगी काढून, सकाळी कोणी नसताना, तळाशी रंगीत प्लॅस्टिकचे डबे, स्टीलचं पातेलं आणि खेळण्यातला मासा ठेवला. कॅमेऱ्याच्या बटणांची जागा हाऊसिंगवर बदललेली असते, तोंडावर मास्क असल्यामुळे डोळा व्ह्यूफाइंडरला टेकत नाही, चौकटीचे कोपरे नीट दिसत नाहीत. हे सगळं पूलमध्येच अंगवळणी पडावं. एक प्रयोग तर प्रत्येकाने करावा असा आहे. लाल डबा हातभर अंतरावरून टिपायचा, मग तोच डबा पूलच्या दुसऱ्या टोकाकडून. खोली तीच, पण दुसऱ्या फोटोत लाल रंग विटलेला, तपकिरीकडे झुकलेला. लाल रंग खोल गेल्यावर नाहीसा होतो एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण पाणी उभं आहे की आडवं, हे प्रकाश पाहत नाही. पृष्ठभागापासून वस्तूपर्यंत आणि वस्तूपासून लेन्सपर्यंत, असा त्याचा पूर्ण प्रवास मोजावा लागतो. जवळ जाण्याचं सगळं गणित त्या दोन फोटोंत आहे.

म्हणूनच स्वतःचा प्रकाश न्यावा लागतो. १९२६ साली विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगासमध्ये पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले, तेव्हा त्यांनी तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून समुद्र उजळवला होता. आज ते काम करणारा स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, हातात मावतो. माझ्याकडे सुरुवातीला एकच होता. तो कॅमेऱ्याला फायबर ऑप्टिक केबलने जोडलेला: आतला छोटा फ्लॅश चमकला की केबलमधून इशारा जातो आणि स्ट्रोब पेटतो. आतला फ्लॅश मॅन्युअलवर, सगळ्यात कमी म्हणजे १/१२८ ताकदीवर ठेवायचा. इशाऱ्याला तेवढा पुरतो, बॅटरी टिकते आणि लगेच पुढच्या फोटोला तो तयार असतो.

खाली गेल्यावर सेटिंग बदलत बसायला वेळ नसतो, म्हणून मॅक्रोसाठी एक ठरलेला पाया धरून निघायचं. मॅन्युअल मोड, शटर १/२००, अ‍ॅपर्चर एफ/१६, आयएसओ २००, फाइल रॉ. मग पहिला फोटो कुठल्याही खडकावर काढून हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, पाहायचा आणि फक्त स्ट्रोबची ताकद कमी-जास्त करायची. इथे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एकाच फोटोत दोन प्रकाश वेगवेगळे सांभाळता येतात. स्ट्रोबची चमक शटरच्या वेगापेक्षा कितीतरी क्षणिक असते, त्यामुळे शटरने तिच्यावर परिणाम होत नाही. परिणाम होतो तो मागच्या पाण्यावर. १/२५० ला पाणी काळं होतं, १/६० ला हिरवं उजळतं. १/२५० च्या पुढे मात्र जायचं नाही, कारण हा कॅमेरा फ्लॅशशी तिथपर्यंतच जुळतो. आपलं पाणी हिरवं का, याचं उत्तरही सुंदर आहे: त्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिप्लवक निळा आणि लाल प्रकाश शोषतात, हिरवा सोडून देतात. हा हिरवा रंग काढून टाकून खोटं निळं पाणी दाखवणारे फोटो मला आवडत नाहीत. अरबी समुद्राचा हा किनारा हिरवा आहे आणि फोटोत तो हिरवाच दिसावा.

ग्रँड आयलंडला पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेले तो डिसेंबर होता. हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंत, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र जास्त शांत असतो. बोट चालवणारे तांडेल वयस्कर, मुरगावचेच. बेट जवळ आल्यावर पाण्याकडे पाहून म्हणाले, "बाय, आयज उदक पाचवें." म्हणजे आज पाणी हिरवं, लांबचं दिसणार नाही. माझ्या गाइडने त्यावरून लगेच ठरवलं, की तिथल्या बुडालेल्या भग्न जहाजाकडे न जाता बेटाच्या आडोशाला उतरायचं. कॅमेरा घेऊन बोटीतून उडी मारायची नसते. आधी आपण पाण्यात, मग तांडेल वरून हाऊसिंग हातात देतात, हँडलला धरून. स्ट्रोबच्या दांड्याला धरून कधीच नाही. हाती आल्यावर ते अर्धा मीटर बुडवून पोर्ट वर करायचं आणि आत बुडबुडे येतात का ते पाहायचं. मग पोर्टवर चिकटलेले हवेचे थेंब हाताने पुसायचे आणि दोरीने खाली.

खाली काय पाहिलं, ते सांगताना मला अजून तेवढाच आनंद होतो. एका दगडाच्या सावलीत लायनफिश होता, पंख पसरून, अगदी स्थिर. शेजारच्या कपारीतून मोरे ईल तोंड उघडत-मिटत बाहेर डोकावत होता. ती धमकी नसते, तो तसाच श्वास घेतो. एक केंडमासा आमच्याभोवती घुटमळत राहिला. आणि मग गाइडने बोट दाखवलं तिथे मला काहीच दिसेना. दगड, शेवाळ, गाळ. त्याने टॉर्चचा प्रकाश पाडला तेव्हा त्या दगडाला डोळा आहे हे कळलं. स्कॉर्पियनफिश. त्याच्या अंगावरची लाल-जांभळी नक्षी डोळ्यांना दिसतच नव्हती, कारण तिथे लाल प्रकाश पोचत नव्हता. स्ट्रोब चमकला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो मासा किरमिजी, केशरी, पांढऱ्या ठिपक्यांचा निघाला. मी तो पडदा गाइडसमोर धरला. त्याने वर्षानुवर्षं पाहिलेला मासा त्या रंगात त्यालाही नवा होता. श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडात असतानाही माणूस हसतो ते मास्कमधल्या डोळ्यांवरून ओळखू येतं.

बॅकस्कॅटरशी मात्र दीर्घ झगडा करावा लागला, आणि गोव्यात तो प्रत्येकाला करावाच लागेल. पाण्यात तरंगणाऱ्या गाळाच्या कणांवर स्ट्रोबचा प्रकाश पडून ते फोटोत पांढऱ्या हिमकणांसारखे दिसतात. संगणकावर एकेक कण पुसणं हा उपाय नव्हे. उपाय दिव्याच्या जागेत आहे. स्ट्रोब लेन्सच्या बाजूला लांब न्यायचा, पोर्टच्या रेषेच्या थोडा मागे ठेवायचा आणि तोंड किंचित बाहेर वळवायचं. त्याच्या प्रकाशाच्या शंकूचा मधला झोत विषयावर पडायला नको. नुसती कड पडली पाहिजे. मग लेन्स आणि मासा यांच्यातलं पाणी अंधारातच राहतं आणि तिथले कण उजळत नाहीत. ही जागा दर फोटोला बदलते. अंतर कमी झालं की स्ट्रोबही आत घ्यावा लागतो. पुस्तकातली आकृती पाहून हे येत नाही. एकाच दगडासमोर थांबून, दांडा थोडा थोडा सरकवत, फोटोमागून फोटो काढून येतं.

दुसरी अडचण हेलकाव्याची. उथळ पाण्यात लाट वर जाते तशी खाली सगळ्या शरीराला पुढे-मागे ओढते. मॅक्रोमध्ये एफ/१६ लाही धारदार पट्टा काही मिलिमीटरचाच असतो. मी फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर ठेवला. एकदा अंतर ठरवून फोकस लावायचा आणि सोडून द्यायचा; मग लाटेबरोबर आपण पुढे-मागे होत असताना डोळा धारदार झाला त्या क्षणी बटण दाबायचं. लाटेशी भांडण्यापेक्षा तिची लय मोजणं सोपं जातं. समुद्री गोगलगायींवर, म्हणजे न्यूडीब्रँकवर, मी हे शिकले, कारण त्या पळून जात नाहीत. पांढऱ्या अंगावर काळ्या ठिपक्यांच्या गोल पुंजक्यांची योरुना फ्युनेब्रिस निळ्या-राखाडी स्पंजावर चरत असते. तिला आधी डोक्यावरच्या दोन शिंगांसारख्या संवेदकांवरून टिपायचं, मग पाठीवरच्या कल्ल्यांच्या फुलावरून. या दोन्ही गोष्टी धारदार असल्या तरच तो फोटो अभ्यासाला उपयोगी पडतो.

वर आल्यावरची कामं कंटाळवाणी असतात, पण हाऊसिंगचं आयुष्य त्यांच्यावरच आहे. मीठ वाळू द्यायचं नाही. बोटीतच ओल्या टॉवेलखाली झाकून आणायचं, गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायचं आणि बुडवलेलं असतानाच प्रत्येक बटण, प्रत्येक दांडा पुन्हा पुन्हा दाबायचा, म्हणजे दांड्याच्या आतलं खारं पाणी निघून जातं. नुसत्या नळाच्या धारेने ते निघत नाही. उघडताना आधी आपले केस कोरडे करायचे, पोर्ट खाली तोंड करून धरायचा, म्हणजे फटीत राहिलेला थेंब आत न पडता खाली गळतो.

डोम पोर्ट आणि वाइड लेन्स नंतर घेतली. ती वापरतानाही गोव्याचा धडा सोडलेला नाही. भग्न जहाजाचा पूर्ण सांगाडा एका चौकटीत यायला इथे कधीतरीच पाणी साथ देतं. पण जहाजाच्या गंजलेल्या कडेवर वाढलेला प्रवाळ किंवा त्याखाली थव्याने उभे राहिलेले तांबोशी डोमपासून फूटभर अंतरावर घेतले, दुसरा स्ट्रोब जोडला आणि शटर १/६० पर्यंत उतरवलं, की मागे हिरव्या पाण्यात जहाजाची नुसती आकृती उभी राहते. तिथे ते धूसरपणच कामी येतं.

जून ते सप्टेंबर बोटी बंद. त्या काळात ओ-रिंग काढून, पुसून, पुडीत घालून ठेवते. खाचेत दाबलेली राहिली तर चपटी होते. लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह, कारण आपल्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरायला वेळ लागत नाही. आणि फोटो ओळखण्याचं काम चालू होतं. कुठल्या तारखेचा, किती खोलीवरचा, कुठल्या खडकाचा, हे प्रत्येक फोटोबरोबर लिहून ठेवते. यंदा अडलेय ते स्कॉर्पियनफिशच्या दोन फोटोंवर. ते एकाच जातीचे की वेगवेगळ्या, हे छातीच्या पराच्या आतल्या बाजूचे रंग दिसल्याशिवाय ठरवता येईना, आणि तो पर मासा हलला तरच उघडतो. त्याला काडीने डिवचून हलवणारे आहेत. माझ्या गाइडला आणि मला ते मान्य नाही. ऑक्टोबरमध्ये बोटी सुरू झाल्या की त्याच दगडासमोर, फोकस आधीच लावून, तो स्वतःहून उठेपर्यंत थांबायचं असं आम्ही ठरवलंय.